उसनंपासनं

माझ्याकडं एक वही आहे, दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात आमची आजवरची सगळी बिऱ्हाडं आहेत, म्हणजे नोकरी लागल्यापासून जेवढ्यांदा घर हललं तेवढ्या याद्या. पहिली यादी दीड पानाची, तेव्हा नवीन लग्न होतं, एक बाज, दोन गाद्या, शेगडी आणि भांड्यांचं एक चुंगडं, बस. दुसरी चार पानांची. तिसरी सात. यंदा मे महिन्यात जी केली ती झाली १९ पानांची, आणि खरं सांगते, त्या १९ पानांचा मला जाम अभिमान होता. शाळेत पोरांना वर्गीकरण शिकवते मी, सजीव-निर्जीव, घन-द्रव, मग घरात का नाही करणार! खोलीनुसार नंबर, नंबरनुसार डब्बे, कोणत्या डब्ब्यात काय ते वहीत, गाडीत चढला की एक टिक, उतरला की दुसरी टिक. यात चुकायला जागाच नाही असं वाटत होतं. वहीत चूक नव्हतीच म्हणा. वहीच्या बाहेर होती.

बदलीची ऑर्डर मेमध्ये हातात आली. दिग्रसजवळच्या ज्या गावात आम्ही ११ वर्षं काढली तिथून थेट वणीकडं, म्हणजे जिल्हा तोच यवतमाळ, पण एका टोकावरून उचलून पार दुसऱ्या टोकाला. इकडं अरुणावतीचं पाणी, पऱ्हाटीची वावरं अन बंजाऱ्यांचे तांडे, तिकडं कोळशाच्या खाणी अन दिवसरात्र पळणारे ट्रक. विदर्भात एक बरं असते, उन्हापायी आमच्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात, जून संपता संपता, त्यामुळं कागदावर महिनाभर हातात होता. पण कुठला महिना. मृग लागला आणि एखादा पाऊस जोराचा झाला की आमच्या गल्लीत भरलेली गाडी फसलीच समजा, म्हणून मे संपायच्या आत निघायचं, आणि मे संपायच्या आत म्हणजे नवतपा. २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणीत जातो तिथून ९ दिवस. पारा ४५ च्या वर, लोखंडी कपाटाला दुपारी हात लावला तर चटका बसतो. सासूबाईंनी (आम्ही आईच म्हणतो) पंचांगवाल्याला विचारून गुरुवार काढला, मी कॅलेंडर पाहून नेमका तोच गुरुवार काढला, आणि दोघीही आपापल्या मनात जिंकलो.

पॅकिंगचं मी फार सांगत बसत नाही, पण दोन-चार गोष्टी सांगतेच कारण त्या फसून फसून शिकलेल्या आहेत. किराणा दुकानातून खर्ड्याचे डब्बे आणा पण साबणाच्या डब्ब्यात पीठ-डाळ ठेवू नका, दुसऱ्या बिऱ्हाडाच्या वेळी आम्ही महिनाभर साबणाच्या वासाच्या पोळ्या खाल्ल्या. नंबर डब्ब्याच्या झाकणावर टाकू नका, बाजूवर टाका, दोन्ही बाजूंवर, कारण गाडीत डब्ब्यावर डब्बा चढला की झाकण कोणाला दिसते? पुस्तकं लहान डब्ब्यात. काचेची-चिनी मातीची ताटं आडवी रचायची नाहीत, उभी लावायची, मध्ये मध्ये जुन्या लुगड्याचा तुकडा. आरसासुद्धा उभाच न्यायचा, आडवा ठेवला की कोणीतरी त्यावर गादी टाकतो आणि मग त्या गादीवर बसतो. फ्रिज आदल्या दिवशीच बंद करून बर्फ वितळू द्यायचा, पुसून कोरडा करायचा, आणि नव्या घरी नेल्या नेल्या चालू करायचा नाही, काही तास नुसता उभा ठेवायचा म्हणजे आतलं ऑइल आपल्या जागी बसते.

आणि कुलर. लोखंडी कुलर म्हणजे आमच्याकडं घरातला मेंबरच, त्याला मागं सोडून कोणी जात नाही, पण तो रिकामा नेणं म्हणजे गाडीतली अख्खी एक खोली रिकामी नेणं. म्हणून मी पहिल्या आठवड्यातच, उत्साहाच्या भरात, टाकीतलं पाणी काढलं, बाजूच्या जाळ्यांमधलं गवत उपटून फेकलं (तसंही खारानं दगड झालं होतं), पंखा हलू नये म्हणून खाली हाताला लागेल ते ठासलं आणि वरून त्याच्या पोटात चादरी, वाकळा, स्वेटर कोंबून दोरीनं आवळून टाकलं. नंबर दिला, टिक मारली. आता राहिलेल्या रात्री नवतप्यात कुलरशिवाय कशा काढायच्या हे कोणत्याच पानावर लिहिलेलं नव्हतं. अंगणात बाजा टाकून, ओला पंचा अंगावर घेऊन झोपलो. नवरा काही बोलला नाही. त्याच्या न बोलण्यातही बरंच काही होतं.

गॅसचंही असंच. जवळपास जायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण आम्ही जात होतो लांब, म्हणजे सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करायचं, ते टर्मिनेशन व्हाउचर देतात, डिपॉझिट परत देतात, आणि तो कागद दाखवून नव्या गावी कनेक्शन घ्यायचं. शेगडी आपलीच, ती सोबत. हे मी शेवटच्या दिवसावर ठेवलं नाही, चांगली चार दिवस आधी जाऊन १४.२ किलोचं ते धूड परत करून आले, काम फत्ते म्हणून आईस्क्रीमपण खाल्लं. घरी आले तर आई मागच्या आवारात तीन विटा मांडून पऱ्हाट्या मोडून राहिल्या होत्या. मला म्हणे, "चार दिवस खाऊ काय घालशीन, व्हाउचर?"

तर हे सगळं वहीतलं. आता शिडी.

वहीत परसदाराच्या पानावर ओळ होती, बांबूची शिडी १. पण परसदारात शिडी नव्हती. ती तीन घरं सोडून काकाजींकडं होती, दोन वर्षांपासून, त्यांनी टिनावर तुरीच्या शेंगा वाळत टाकायला नेली आणि तिथंच राहिली. मी नवऱ्याला म्हणलं जा, घेऊन या, यादी पूर्ण करायची आहे. तो सरळ माणूस, सरळ गेला, आणि सरळ म्हणाला, काकाजी शिडी द्या, पॅकिंग चालू आहे. अर्ध्या तासानं शिडी खांद्यावर घेऊन आला तर तोंड उतरलेलं. काय झालं म्हणलं तर सांगेना. मग सांगितलं. काकाजी म्हणाले, "काऊन भाऊ, जाऊन राह्यले म्हणून शिडीची आठवण आली काय? दोन सालं तं नाही आली." काकू बाहेरच आल्या नाहीत. चहा नाही. ११ वर्षांत त्या घरातून बिनचहाचं कोणी निघालं नव्हतं, विजेचं बिल दाखवायला गेलं तरी कप हातात यायचा.

संध्याकाळी आईंना कळलं. त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं. अडकित्ता खाली ठेवला आणि विचारलं, "मागाले कोन सांगतलं होतं?"

"आई, आपलीच शिडी आहे ना ती."

"आपली हाय म्हनूनच मागाची नसते."

मी म्हणलं यात काय तर्क आहे. तर त्या उठल्या, मला परसदारी घेऊन गेल्या आणि मोरीजवळचा पाटा दाखवला. काळा दगड, टाकी लावून लावून मधून खोलगट झालेला. "हा कोनाचा?" मी म्हणलं आपला. वही उघडून दाखवलीसुद्धा, पाटा-वरवंटा १, कंसात जड. त्या म्हणाल्या वरवंटा आपला, पाटा काकाजींच्या घरचा, आपला फुटला तेव्हा काकूनं पाठवला, चार सालं झाली. म्हणजे मी त्यांच्याच घरचा पाटा नंबर देऊन वणीला न्यायला बांधून बसले होते आणि वरून त्यांच्याकडून शिडी मागवली होती! खाली बसले मी, तिथंच पाट्यावर. आई म्हणाल्या, "पह्यले त्यायचं नेऊन दे. आपलं मागू नोको. आपलं आपुन येते."

मग आमची खरी तयारी सुरू झाली. रोज संध्याकाळी ऊन उतरलं की आई निघायच्या आणि मी मागं पिशवी घेऊन. सुरुवात काकाजींपासून. पाटा दोघं पोरं धरून नेला, आणि त्याच्यासोबत शिडीपण परत नेली, हे मला आधी समजलंच नाही. आई काकूंना म्हणाल्या, वणीले शिडी कायले लागते, तुमच्या टिनाच्या कामाची हाय, ठेवा. काकूंनी शिडीकडं पाहिलं नाही, पाट्याकडं पाहिलं नाही, आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवलं.

घरी आल्यावर मी सगळी भांडी जमिनीवर मांडली आणि नावं वाचत बसले. आपल्याकडं स्टीलच्या भांड्यांवर नावं टाकतात ना, टिंबाटिंबाची, अमक्याच्या लग्नाप्रीत्यर्थ, तमक्याच्या वास्तूनिमित्त, कोण्या मामाकडून, साल, गाव. आमच्या मांडणीवर सात घरांची नावं निघाली. सात! एक गंज, दोन कोपर, तीन डबे, वाट्यांचा तर हिशेबच नाही. मी नाव वाचायच्या आत आई सांगायच्या, त्यांना वाचता येत नाही तरी. हा पाटलीनबाईचा, याचा कान वाकडा हाय. हा तांड्यावरच्या बाईचा, बुडाले पोचा हाय पाह्य. अंगणवाडीतल्या बाईचा डबा तर झाकणाच्या आवाजावरून ओळखला. माझं वर्गीकरण खोल्यांचं होतं, स्वयंपाकघर, बैठक, परसदार. त्यांचं माणसांचं होतं, आणि ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

रिकामं भांडं मात्र एकही गेलं नाही. रिकामं देऊ नये असं आपल्यात म्हणतातच, पण त्या दिवसांत माझ्या लक्षात आलं की यात मोठी व्यवस्था आहे. आमच्याकडं वर्षाचे गहू भरलेले, चार कट्टे, तुरीची डाळ, ज्वारी, एप्रिलमध्ये केलेले सरगुंडे, पापड, कुरड्या. हे सगळं गाडीत घालून दीडशेच्या वर किलोमीटर न्यायचं होतं मला, वहीप्रमाणं. आई एकेका गंजात गहू, एकेका डब्यात सरगुंडे, कोपरात ज्वारी असं भरत गेल्या आणि पाच-सहा दिवसांत चार कट्ट्यांचे दोन कट्टे झाले. ज्याला पॅकर्सवाले लोड कमी करणं म्हणतात तेच हे, फक्त यात फेकलं काहीच जात नाही. भंगारवाल्याला मी एक मोडका टेबलफॅन दिला तर आईंना तोही लागला, म्हणे त्या पोराले द्यायचा असता, मोटर दुरुस्त करून घेतली असती त्यानं.

किराण्याचं खातं मिटवलं, दूधवालीचं मिटवलं, पानठेल्यावर नवऱ्याचे किती होते ते मी विचारलं नाही. एका घरी मात्र काय न्यावं ते कळेना. त्या घरच्या पोरानं एकदा रात्री दोन वाजता माझ्या पोरीला तापात मोटरसायकलवर दिग्रसला नेलं होतं, मी मागं बसलेली, पाऊस, रस्त्यात झाड पडलेलं, त्यानं गाडी वावरातून काढली. पेट्रोलचे पैसे तेव्हा घेतले नव्हते, आता काय देणार. आईंनी टॉवेल, टोपी, नारळ दिलं, त्यानं टोपी तिथंच डोक्यावर घातली, मग सगळ्यांनाच काय बोलावं सुचेना म्हणून आम्ही पावसाबद्दल बोललो, यंदा कसा राहतो म्हणून.

यात मला माझ्या आत्याची आठवण व्हायची. ती वैनगंगेकाठची, पवनीकडची. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं, आणि तिथून पुढं तिच्या गावाच्या तोंडी एकच विषय, गाव उठणार, कधी उठणार. शेवटी उठलं. आत्या सांगायची की सामान हलवायचा त्रास काहीच नाही, लोकं होते, ट्रॅक्टर होते. पण नव्या जागी प्लॉट मिळाले तसे मिळाले, भिंतीला भिंत असलेले शेजारी दोन गल्ल्या पलीकडं गेले, आणि कोणाची चाळणी कोणाकडं, कोणाची पायलीभर लाखोळी कोणाकडं, हे सगळं तिथंच पाण्याच्या काठावर तुटलं. म्हणायची, दुसऱ्याची चाळणी माझ्याकडं अजून आहे, त्यात मी चाळते तेव्हा ती बाई आठवते. मी लहान होते, मला वाटायचं चाळणीसाठी काय एवढं.

आईंचं म्हणणं खरं निघालं. मागितलं नाही तरी आपलं आपण येऊ लागलं. आधी ताडपत्री आली. मग शेवयाची मशीन. मग दोन छत्र्या, त्यातली एक मी सहा वर्षं शाळेत हरवली समजत होते. सायकलचा पंप, मच्छरदाणी, लग्नात नेलेला मोठा गंज, पोरीचा लहानपणीचा पाळणा, जो या गावात पाच लेकरांना पुरला आणि आता एका दांडीला सुतळी बांधलेला होता. आणि प्रत्येकासोबत काही ना काही, कारण रिकामं कोणीच देत नाही, नियम दोन्हीकडून आहे ना. हरभऱ्याची डाळ, लोणच्याची बरणी, भुईमुगाच्या शेंगा, गावरान आंबे गवतात घालून. आईंनी कमी केलेले दोन कट्टे अशा रीतीनं जवळपास परत आले. वहीची १९ पानं होती ती २६ झाली. छोटा हत्ती सांगितला होता तो रद्द करून चारशे सात, म्हणजे त्याहून मोठी गाडी, सांगावी लागली. तरी म्हणते, लोड कमी करायची ती व्यवस्था आमच्या बाजूनं चांगलीच होती.

निघायच्या दिवशी गाडी पहाटे चारला सांगितली होती म्हणजे उन्हाच्या आत लोडिंग होऊन जाईल. गाडी सहाला आली. यावर मी वेगळा लेख लिहू शकते, लिहीत नाही. ड्रायव्हरनं उतरून आधी तंबाखू मळला, सामान पाहिलं आणि म्हणाला एवढं बसत नाही. तेव्हा तांड्यावरचे बाबा पुढं आले. हे बाबा आयुष्यभर सालदार. दर पाडव्याला साल संपलं की मालक बदलला तर घर बदललं, बंडीत बिऱ्हाड टाकून नव्या गावी, असं पंधरा-वीस वेळा केलेला माणूस, आणि त्याच्याही मागं पाहिलं तर त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरणारे. माझी चार बिऱ्हाडं अन निळी वही त्यांच्यापुढं बालवाडी होती. ते गाडीत चढले, ड्रायव्हरला म्हणाले तू खाली राह्य.

मग जे चाललं ते मी नुसतं पाहिलं. कपाट आणि धान्याचे कट्टे पहिले, केबिनच्या भिंतीला लागून. फ्रिज उभा, त्याच्या दोन्ही अंगाला गाद्या. "फ्रिजले आडवं नोका पाडू, माणूस हाय तो." पोकळ वस्तू एकही पोकळ ठेवली नाही, पाळण्यात गंज, गंजात डबे, डब्यात वाट्या. माझे नंबर टाकलेले डब्बे मधल्या सपाटीवर, आणि खरं सांगते त्यांनी एकही नंबर वाचला नाही, हातानं जरा उचलून पाहायचे आणि जागा ठरवायचे. मी बाज आधी टाकायला गेले तर अडवलं. "बाज सगळ्यात मांगून टाका, मॅडम. मांगून टाकलं ते तिथं पह्यले निंघते. माणूस नव्या जागी गेला का पह्यले पाठ टेकाले पाह्यते." मग बाज, बकेट, फडा, पाण्याचा गुंड, आणि आईंची एक पिशवी, ज्यात काड्यापेटी, चहा-साखर, एक लहान गंज, सांडशी, टॉर्च होती, हे सगळं एकदम मागच्या फळीजवळ. सगळं बसलं. वरून एक हात जागा उरली तिथं ताडपत्री. ड्रायव्हर म्हणाला बाबा माझ्यासोबत चला, तर बाबा म्हणाले आता नाही, आता एका जागी.

आमची चूल विझवलेली, म्हणून लोडिंगवाल्या पोरांचं आणि आमचं जेवण काकूंकडून आलं. रोडगे आणि वांग्याची भाजी, पहाटे उठून गोवऱ्यांत भाजलेले. ज्या घरी शिडीवरून बिनसलं होतं त्याच घरचे. कोणी त्यावर बोललं नाही. काकाजी गाडीची दोरी दोनदा ओढून पाहत होते, ती बाबांनी आधीच चांगली आवळली होती.

कागद, दागिने, औषधं, पोरीचा शाळेचा दाखला, रेशनकार्ड ही पिशवी माझ्या मांडीवर, ती गाडीत कधीच जात नाही. आईंच्या मांडीवर एक डबी होती, विरजणाची. हे विरजण ११ वर्षांपूर्वी काकूंनीच दिलेलं, तेव्हापासून रोज एक चमचा उरवत उरवत चाललेलं. मी म्हणलं आई, वणीत दही मिळत नाही का. उत्तर आलं नाही. ४५ च्या उन्हात ती डबी ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी सांभाळली, यवतमाळला थांबलो तेव्हा फडकं पुन्हा ओलं केलं. त्याआधी दारव्हा आलं तेव्हा फक्त एकदा मान वळवून स्टेशनाच्या दिशेनं पाहिलं, त्यांचं लग्नातलं सामान शकुंतलेनं आलं होतं, अडीच फुटांच्या रुळावरून, डुलत डुलत. ती गाडी बंद पडून आता किती वर्षं झाली. म्हणाल्या, तवा सारं एका पेटीत मावलं होतं.

करंजी, मारेगाव करत वणीकडं पोचलो तेव्हा अडीच वाजले होते, झाडाखालचं कुत्रंसुद्धा मान वर करून पाहायला तयार नव्हतं. घर पहिल्या माळ्यावर. मी आधी येऊन सगळी दारं टेपनं मोजून गेले होते, वहीत आकडे आहेत. जिन्याचं वळण मोजलं नव्हतं. साडेसहा फुटांचं कपाट वळणावर असं अडकलं की ना वर ना खाली, हमाल वर, नवरा खाली, मध्ये कपाट. शेवटी दोर बांधून बाहेरून गॅलरीतून चढवायचं ठरलं, आणि त्याला काय लागते? शिडी. समोरच्या घरी जाऊन मीच मागितली, नवीन गाव, नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, नुसतं दारात उभी राहून म्हणलं, ताई, शिडी आहे का हो. त्या बाईनं शिडी दिली, सोबत पाण्याची बाटली दिली, फ्रिजमधली. आई खाली बाजेवर बसून हे सगळं पाहत होत्या, बाज खरंच पहिली निघाली होती.

संध्याकाळी दूध आणून उतू घातलं, नव्या कनेक्शनला दोन दिवस होते म्हणून तेही गॅलरीत विटांवरच. त्यातल्याच दुधात रात्री विरजण लावलं. सकाळी दही लागलं होतं, पण असं आंबट की पोरीचा एक डोळा मिटला. आई म्हणाल्या दोन-चार दिवसात येते जाग्यावर.

तिसऱ्या दिवशी कुलर उघडला. इकडं गवत मिळालं होतं म्हणून म्हणलं आज लावूनच टाकू. वाकळा काढल्या, स्वेटर काढले, आणि पंख्याच्या खाली, जिथं मी पहिल्या आठवड्यात हाताला लागेल ते ठासलं होतं तिथून निघाला एक कोपर. स्टीलचा, मोठा, कणीक भिजवायचा. उलटा केला. काकाजींचं नाव, वास्तूनिमित्त, १९९६. तेव्हा शिडीची भानगड व्हायची होती, आईंच्या संध्याकाळच्या फेऱ्या सुरू व्हायच्या होत्या, आणि मांडणीवर हा नव्हताच म्हणून हिशेबात आला नाही. माझ्याच दोरीनं, माझ्याच नंबराखाली बांधून आणला मी.

नवरा म्हणाला एसटीच्या पार्सलनं पाठवून देऊ, दिग्रसला उतरवून घेतील. आईंनी त्याच्याकडं अगदी शिडीच्या दिवशीसारखं पाहिलं. मग मला फोन लावायला सांगितला. स्पीकरवर ठेवला.

"काकू, तुमचा कोपर आमच्यासंगं आला व."

तिकडून काकू हसल्या. म्हणाल्या, त्याले मी कवापासून हुडकून राह्यली. मग म्हणाल्या, असू द्या, तुमची पावशी बी इथंच हाय माह्याजवळ, रोज तिच्यावरच चिरते, लय धार हाय तिले.

आई म्हणाल्या, "राहू दे मंग."

"तुमी बी राहू द्या."

नंतर बराच वेळ दोघी पावसाबद्दल, गावातल्या एका लग्नाबद्दल, आणि आमच्या जागी कोणतं बिऱ्हाड येणार याबद्दल बोलल्या. मी वही काढली. स्वयंपाकघराच्या पानावर, पावशी १, त्यापुढं चढल्याचीही टिक नव्हती, उतरल्याचीही नव्हती, आणि तीन दिवसांत माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. त्याच्या खाली एक ओळ लिहिली, कोपर १, काकूंचा. आईंनी फोन ठेवला, कोपर धुतला, पदरानं पुसला आणि पिठाच्या डब्याकडं गेल्या.